खदानीच्या म्युझियममधला तडकलेला खांब

मंडळी, आज दुपारी चंद्रपूरजवळचं दगडखदानीचं दोन खोल्यांचं म्युझियम पाहून आले. छिन्न्या, घण, वाळूच्या दगडाचे नमुने आणि मधोमध तडा गेलेला एक खांब.

तिथले राखणदार शामरावभाऊ आधी खदानीत दगड घडवायचे. मी विचारलं, "भाऊ, हा फुटका खांब काऊन ठेवला?"

"मीच घडवला ना बाई तो. शेवटच्या घावाले तडकला."

"मग एखादा चांगला ठेवाचा ना!"

ते हसले. "चांगले इथी कुठून येतीन? ते सारे कामावर हायेत."

परतताना आमच्या शाळेच्या दगडी पायऱ्यांवर मुद्दाम बसले. दहा वर्षं त्या चढले-उतरले, पण कोणी घडवल्या हे कधी विचारलंच नाही.

तुमच्या गावात कोणाचे दगड अजून कामावर आहेत, सांगा बरं?