समोर उघडणारं दुकान

धाकट्या भावाने दुकानावर बोर्ड लावला: ‘तुमचा कॉम्प्युटर तुमच्यासमोरच उघडू.’ पिवळ्यावर लाल अक्षरं, दुरून डोळ्यांत भरतील अशी. माझं दुकान त्याला लागूनच आहे. वडिलांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मधोमध प्लायवूड ठोकून आम्ही दोघांनी ते वाटून घेतलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटर दोघंही दुरुस्त करतो.

बोर्डात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, मशीन त्याच्यासमोर उघडायचं, जळालेला भाग त्याच्या हातात द्यायचा, ही वडिलांची रीत. आम्ही दोघं तेच बघत शिकलो आणि तेच करत आलो. त्याने ते लिहिलं, मी लिहिलं नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, ते काही उगीच नाही.

धंदा तसा दोघांचाही बसलेलाच होता. मिहानमधल्या आयटी कंपन्यांत लागलेल्या पोरांना कंपनीच लॅपटॉप देते आणि बिघडला तर तीच बघते. बाकीच्यांचं सगळं आता मोबाईलवर चालतं. उरली गांधीबागेतल्या कापडवाल्यांची बिलं काढणारी जुनी मशिनं, आणि कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राजवळच्या कॉलनीतून येणारे सीपीयू, ज्यांच्यातून ब्रश फिरवला की राख पडते. एवढ्याशा कामात चार दुकानांत वेगळं दिसायचं तर डोकं लढवावं लागतं. भावाने लढवलं. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

आठवडाभरात गांधीबागेतला एक जुना व्यापारी आला. काउंटरवर सीपीयू ठेवून म्हणाला, “भाऊ, बाजूवाले समोर उघडून देतात. तुमच्याकडं तसं हाये का?”

या माणसाची मशिनं मी कायम त्याच्यासमोरच उघडत आलो होतो. तो फोनवर बोलत उभा असायचा आणि त्याचं लक्ष रस्त्यावर असायचं, एवढंच. मी म्हटलं, “हाये.” त्या दिवशी त्याने फोन खिशात ठेवला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. मग दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. काही जण विचारायच्या भानगडीत न पडता सरळ शेजारी जाऊ लागले.

बायको चिडली. “तुमी काहून नाही लावत बोर्ड? त्याच्याहून मोठा लावा!” तिचं बरोबर होतं. पण त्याच्यानंतर मी तोच बोर्ड लावणं म्हणजे ‘मीही चोर नाही’ असं दारावर रंगवून घेणं. आणि भावाला जाऊन काय सांगायचं? त्याने माझ्याविरुद्ध एक शब्द लिहिला नव्हता. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सकाळी शटर वर करायचो, संध्याकाळी खाली ओढायचो. मधल्या वेळात कूलरचा आवाज ऐकायचो. वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही. हात बधिर होऊन मुंग्या यायच्या आधी कसा आपला नसल्यासारखा होतो, तसं काहीसं सगळ्या अंगाला झालं होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी आई आली. ती भावाकडे राहते. लॅपटॉपवर कीर्तनं लावते आणि पुण्याच्या आपल्या बहिणीशी बोलते. तोच लॅपटॉप ती पिशवीतून घेऊन आली होती.

“लय तापते हा. त्याच्याकडं गर्दी हाये, दोन-तीन दिवस लागन म्हणे. म्हणून तुयाकडं आणला.”

“ठेव. संध्याकाळी घरी आणून देतो.”

“नाही बापा, बसतो मी. तो म्हणे, जाय, पण समोर बसूनच उघडून घेजो.”

हे ती अगदी सहज म्हणाली. औषध जेवणानंतर घ्यायचं असं डॉक्टरने सांगितलंय, तशा सुरात. मी स्टूल पुढे ओढलं. तिने चष्मा लावला.

मी लॅपटॉप पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढून वाटीत टाकू लागलो. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, नेहमीचा जप चाललाय. पंख्यात धूळ गच्च बसली होती, ती काढली. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली. झाकण बसवलं आणि स्क्रू परत घालायला लागलो, तर पुन्हा ओठ हलायला लागले, आणि या वेळी तिचं बोटही वाटीकडून लॅपटॉपकडे जाताना दिसलं. जप नव्हता तो. आई स्क्रू मोजत होती.

माझा हात थांबला नाही. पुढचा स्क्रू घेतला, घातला, पिळला. ज्या बाईने मला चालायला शिकवलं, ती माझ्या हातांवर नजर ठेवून बसली होती, आणि मला आत काहीच जाणवत नव्हतं. त्याचीच मला भीती वाटली.

शेवटचा स्क्रू बसला. तिने चष्मा काढून पदराने पुसला. तिचा चेहरा उजळला होता. तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

“बराबर हायेत सगळे,” ती म्हणाली. “सांगीन मी त्याले, तू काही काढलं नाही म्हणून.”