साकु नावाची फाईल

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे, हे आधीच कबूल करते. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर तोंडी लावायला वाचते. दर वेळी वाटतं, या लोकांनी जरा नीट चौकशी केली असती तर कारण सापडलं असतं! आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा हसायचं तर हसून घ्या. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षांपूर्वी आम्ही म्हैसूरला आलो, सरस्वतीपुरममध्ये राहतो. आजूबाजूला निवृत्त शिक्षक आणि पेन्शनर. मुलं परगावी, आणि मुलांनी घेऊन दिलेला कंप्युटर घरी. मी पूर्वी एका कंपनीत हेल्पडेस्कवर होते, त्यामुळे हळूहळू गल्लीची ‘कंप्युटर मेडम’ झाले. दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये सात-आठ जण शिकायला येतात.

सगळ्यांची एक तक्रार ठरलेली. प्रोग्राम स्क्रीनभर पसरतो आणि तसाच अडकून बसतो. खालची पट्टी दिसत नाही, कोपऱ्यातली फुली दिसत नाही, बाहेर पडायची वाटच नाही. मग माणूस घाबरतो, दिसेल ते बटण बडवतो आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून मोकळा होतो. केलेलं काम गेलं पाण्यात! म्हणून माझा पहिला धडा असा — आधी दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. पाच मिनिटं काहीही करायचं नाही. पॉवरचं बटण अगदी शेवटी.

प्रत्येक अडचण मी एका डायरीत लिहिते. कोणाचा फोन, किती वाजता, काय केलं, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. तो रकाना भरल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांत सर्वांत हौशी नारायणराव. वय एकाहत्तर, व्यवसाय शिंपीकाम. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून म्हैसूरचं, पण घरात मराठी, तीही निम्मी कन्नड मिसळलेली. मला सुरुवातीला त्यांचं बोलणं ऐकून हसू यायचं, आता माझ्याच तोंडात ते शब्द बसलेत. त्यांच्या समाजाचं एक छोटं विठ्ठल मंदिर आहे. तिथल्या उत्सवाला देवाचं उपरणं दरवर्षी यांच्या घरून जातं. त्यावरचं भरतकाम त्यांची बायको गिरिजाक्का करायची, आपल्या पायमशीनवर. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

मागे राहिला एक चौकटीचा कागद. त्यावर तिने पेन्सिलीने तुळशीची वेल काढून ठेवली होती, पुढच्या उपरण्यासाठी. कागदाला कसर लागली होती, घड्यांवर तो फाटत चालला होता. नारायणरावांनी भरतकामाची कंप्युटरवाली मशीन घेतली, तिचा एक जुना प्रोग्राम मिळवला आणि तीन आठवडे बसून ती वेल पानापानाने त्यात उतरवली. वेल उतरेपर्यंत कागदाचा भुगा झाला होता.

पण संपवतील तर ते नारायणराव कसले! इथे एक पान घाल, तिथे एक मंजिरी वाढव, असं चालूच. क्लासमध्ये मी चिडवलं तर म्हणाले, “काय करू मेडम, साकु म्हणणारी गेली.” साकु म्हणजे पुरे. शेजारी बसलेल्या आजींनी मला नंतर सांगितलं, गिरिजाक्का मशीनवरून मान वर न करता एवढंच म्हणायची, “साकु,” आणि नारायणराव हातातलं काम ठेवायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. आम्ही नवऱ्याच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला पिरियापट्टणला गेलो होतो. सकाळी अकरा वीसला नारायणरावांचा फोन. हॉलमध्ये सनई-चौघडा, म्हणून मी बाहेर येऊन एका तंबाखूच्या गोदामाच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

“मेडम, वेल अडकली. स्क्रीन हलेना. सगळी बटणं दाबलो, काय पण होईना.”

“हात मांडीवर! सेव्ह केलंय ना?”

“ते कशाला? मी बंदच करत नाही की. रोज नुसतं झोपवतो. सुई कापडातच ठेवून उठायचं, मग कापड हलत नाही. आमच्यात असंच.”

तीन आठवड्यांचं काम, आणि ते एकदाही सेव्ह केलेलं नाही. चूक माझीच होती. ‘झोपवणं’ आणि ‘सेव्ह करणं’ वेगळं, हे मी त्यांना शिकवायला हवं होतं.

“आणि मेडम, बाराला करंट जाणार. पेपरात आलंय. यूपीएस दोन मिनिटं पण टिकत नाही.”

म्हणजे चाळीस मिनिटं. मी आवाज शक्य तितका शांत ठेवला. “नारायणराव, मशीनमध्ये दोरा गुंतला तर तुम्ही कापड ओढता का?”

“छे छे! फाटेल की. चाक हळू आपल्याकडे फिरवायचं.”

“मग आज तसंच करू. सावकाश.”

त्यांच्या मागे कोणीतरी शिलाई मशीन चालवत होतं. पायमशीन. टक टक टक टक... मधेच एक ठोका चुकायचा, अडखळायची, पुन्हा टक टक टक. मला ते नकोसं झालं. “ती मशीन जरा थांबवायला सांगा, मला ऐकू येत नाहीये.”

“कुठली मशीन? मी एकटाच आहे मेडम.”

लग्नघरचा गोंगाट असेल म्हणून मी सोडून दिलं. एस्केप दाबून पाहिलं, काही नाही. ऑल्ट धरून टॅब, काही नाही. मग कंट्रोल, खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि डी, तिन्ही एकदम. “आला, आला! निळा पडदा आला!” ते ओरडले. अडकलेला प्रोग्राम मागे तसाच ठेवून नवा रिकामा पडदा उघडला, आता निदान हलायला जागा झाली होती. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून आम्ही चालू प्रोग्रामांची यादी उघडली.

“आमचा प्रोग्राम सापडला. खाली बटण आहे. एन्ड टास्क. म्हणजे काम संपलं असं ना? दाबू?”

“नको!” मी इतक्या जोरात ओरडले की गोदामातले दोघे हमाल माझ्याकडे बघायला लागले. एन्ड टास्क म्हणजे काम संपलं नव्हे, प्रोग्रामचाच गळा आवळला! पण शिंप्याला तसं वाटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

“नावापुढचे आकडे बदलतायत का?”

“बदलतायत. सात... अकरा... नऊ.”

“मग तो जिवंत आहे, नारायणराव. विचार करतोय. त्याला वेळ देऊ. हात मांडीवर, आणि देवाचं नाव घ्या.” देवाचं नाव! माझ्या तोंडी! पण त्या क्षणी माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

मागून टक टक टक चालूच होतं. अकरा अठ्ठेचाळीसला लाईन कटली. मी चौदा वेळा फोन लावला, लागला नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांचाच आला.

“करंट गेलं मेडम.” एवढंच म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत बसले, पण ताट तसंच ठेवून उठले. त्या माणसाकडे तिचं शेवटचं एवढंच उरलं होतं, आणि मी त्याला हात मांडीवर ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले. पुढच्या खोलीत दुकान. त्यांनी बिलकूल कुरकूर केली नाही, उलट कॉफी दिली, त्यामुळे मला जास्तच लागलं. कंप्युटर सुरू केला, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये गेले. तिथे एकच फाईल होती. वेळ अकरा अठ्ठावन्न. नाव इंग्रजी अक्षरांत, एस ए के यू. साकु.

उघडली. आख्खी वेल, देठापासून शेवटच्या मंजिरीपर्यंत.

“हे नाव तुम्ही दिलंत?”

नारायणराव खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ आले, एकेक अक्षर बोटाने वाचलं आणि खाली बसले. “मी काय पण केलो नाही मेडम. तुम्ही सांगितलात तसा सुम्ने, गप बसलो. डोळे मिटून. उघडलो तेव्हा करंट गेलेलं.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माणूस हसत होता. मीही रडले. लाज कसली?

घरी येऊन मी डायरी घेतली. घाबरून दाबलेली बटणं प्रोग्राम साठवून ठेवतो आणि भानावर आला की एकेक पार पाडतो, हे मला माहीत आहे. त्यांनी सगळं बडवलं, त्यात कंट्रोल आणि एस, म्हणजे सेव्ह, असेल. पुढे एस, ए, के, यू आणि एंटर, याच क्रमाने? मी शनिवारी सगळ्यांना डोळे मिटून कीबोर्ड बडवायला लावला. चाळीस वेळा. ‘साकु’ सोडाच, एकही धड शब्द निघाला नाही. क्लासमधल्या त्या आजींना मात्र खूप मजा आली.

तरी मी म्हणाले असते, योगायोग. पण अजून एक आहे.

उपरणं भरून झालं आणि फक्त कडेची शिलाई राहिली, तेव्हा नारायणरावांनी मला बोलावलं. कोपऱ्यात गिरिजाक्काची पायमशीन होती. ती गेल्यावर महिन्याभरात मशीनचा चामडी पट्टा तुटला होता. नवा घालायचं त्यांच्या मनात येत नव्हतं, दोन वर्षं त्यावर कापडाचे गठ्ठे पडून होते. त्या सकाळी त्यांनी गठ्ठे उतरवले, नवा पट्टा चढवला, तेल घातलं. “कड तिच्या मशीनवर घालतो,” म्हणाले, आणि पायाने दाब दिला.

टक टक टक टक... मधेच एक ठोका चुकला. मग पुन्हा टक टक टक.

माझ्या हातातली कॉफी कपातच राहिली. “हे मधेच अडखळतं ते काय?”

“चाकाला खाच आहे. तिला किती सांगितलो, बदलू म्हणून. नको म्हणायची, सवय झालीय.”

मी त्यांना फोनमागच्या आवाजाचं सांगितलं. त्यांनी पाय थांबवला, मशीनच्या लाकडावरून हात फिरवला. “मला ऐकू आलं असतं तर डोळे मिटून बसलो असतो का मेडम?” म्हणाले. मग त्यांनी पुन्हा पाय हलवला.

यंदा देवाच्या खांद्यावर ते उपरणं फार शोभलं. माझ्या डायरीत त्या दिवशीचा ‘कारण’चा रकाना अजून कोरा आहे, आणि मला आता चैन पडतं. कड घालून झाल्यावर नारायणरावांनी उपरणं उजेडात धरलं होतं. एका कोपऱ्यात जागा मोकळी दिसत होती. मीच म्हणाले, “इथे एक पान घालायचं का?” त्यांनी क्षणभर बघितलं, मग कात्री घेऊन दोरा कापला.

“नको,” म्हणाले. “साकु.”