उसिरु म्हणजे उशीर नव्हे

मंडळी, आज सकाळी लेकीनं हट्टानं मला सोलापूरच्या रायफल रेंजवर नेलं. आमचे हे गेल्यावर पहिल्यांदाच. थंडीतलं कोवळं ऊन, वारा अगदी पडलेला. नेमबाजीला याहून चांगली हवा नाही, असं हेच म्हणायचे.

शहात्तर सालच्या सुमारास, लग्न नवं असताना, अशाच हवेत यांनी मला इथं आणलं होतं. मी सांगोल्याची, कन्नडचा गंध नाही. यांचं घर अक्कलकोटकडचं, रंगात आले की तोंडून कन्नडच यायचं. मी नेम धरला आणि हे मागून म्हणाले, "उसिरु बिडु!"

मी ऐकलं उशीर. वाटलं, थांबायला सांगतायत. श्वास कोंडून थांबले, नेम ढळला आणि गोळी गेली मातीच्या ढिगाऱ्यात! हे पोट धरून हसले. "अगं, उसिरु म्हणजे श्वास. श्वास सोड, मग चाप ओढ की!"

तेव्हापासून प्रत्येक गोळीआधी मागून ते दोन शब्द यायचेच.

आज नेम धरला आणि मागून काहीच आलं नाही. मी वाट बघत राहिले. श्वास कोंडलेलाच. शेवटी लेक म्हणाली, "आई, लई उशीर लावलास की!"

मला मात्र उसिरु ऐकू आलं. श्वास आपोआप सुटला, चाप ओढला. गोळी बरोबर मधोमध.

मी हसत मागं वळले. मागं लेक होती, ऊन होतं.

नेम लागला हो, मंडळी. दाखवू कुणाला?