वहिनींच्या शेवटच्या इच्छा

कोणाला शेवटची इच्छा विचारू नये, आणि बदलापुरातल्या शिरगावच्या आमच्या शेजारच्या वहिनींना तर नाहीच नाही. मी विचारली. तेव्हा मी तिशीची होते आणि जगाचं सगळं दुःख आपल्यालाच कळलंय अशा चेहऱ्याने हिंडायचे. छातीची एक बाजू काढूनही वहिनींचा कॅन्सर हाडांत उतरलाय असं कळलं, तशी मी वाटीभर शिरा घेऊन गेले आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाले, "वहिनी, काही इच्छा राहिली असेल तर सांगा." वहिनींनी आधी शिरा संपवला. मग म्हणाल्या, "दाल-पकवान. उल्हासनगरचं, कॅम्प एकमधलं. गरम पाहिजे हं."

डबा टॉवेलात गुंडाळून, पदराखाली पोटाशी धरून मी बदलापूर गाठलं. वाटेत एका बाईने कितवा महिना म्हणून विचारलं. एवढं झाल्यावर माणसाने समाधानाने डोळे मिटावेत की नाही? दुसऱ्या दिवशी नवी शेवटची इच्छा तयार! केमोने केस गेले तेव्हा मला घेऊन त्या उल्हासनगरला केसांचा टोप आणायला निघाल्या. सिंधी दुकानदार म्हणाला, "माताजी, दस साल कुछ नहीं होगा." वहिनी म्हणाल्या, "और ग्यारहवें साल हुआ तो? मैं तो आयेगी, तुम दुकान पे मिलना!" त्याने घाबरून कंगवा फुकट दिला.

एकाच इच्छेची मात्र त्या थट्टा करत नसत. थोरल्या लेकीच्या लग्नात त्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहायचं होतं. तोवर निभेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. वहिनींनी त्यांनाच बजावलं, "सलाईन पुढेमागे करा, मुहूर्त हलायचा नाही."

रिकाम्या बाजूला कापूस भरला की तो वर सरकायचा, म्हणून मी मलमलची पिशवी शिवून तांदूळ भरून दिले होते. ती ब्लाउजात घालून वहिनी अंबरनाथच्या हॉलमध्ये ताठ उभ्या राहिल्या. वऱ्हाड आलं दुप्पट आणि तिसऱ्याच मंगलाष्टकाला अक्षता संपल्या. भटजी थांबले, विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि कुंकू लावलेल्या तांदळाची वाटी घेऊन आल्या. पदर घट्ट लपेटलेला, एक बाजू सपाट. त्यांनी पहिली मूठ विहीणबाईंच्या हातावर ठेवली. त्या खूश होऊन म्हणाल्या, "छान आहे हो तांदूळ. कुठला?"

"घरचाच," वहिनी म्हणाल्या.

आता माझीच नातवंडं मला काय हवं-नको विचारतात, तेव्हा मीही यादी वाढवत नेते. वहिनींच्या धाकटीचं लग्न झालं तेव्हा त्या नव्हत्या. अक्षता मी वाटल्या, ताटातल्याच. पण ते फार पुढचं. त्या दिवशी पाठवणी झाल्यावर मी हॉलच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं होतं. आता वहिनींची इच्छा पुरी झाली, आता त्या जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. धाकटी समोर फ्रॉकच्या ओच्यात सांडलेल्या अक्षता गोळा करत होती. वहिनी कमरेवर हात ठेवून हळूहळू माझ्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या,

"रडतेस काय, बये? उद्या तांदूळ घेऊन ये. आंबेमोहोर आण, कोलम टोचतो. आणि पिशवी जरा मोठी शीव, धाकटीचं व्हायचंय अजून."