तारीख आम्ही घालू

"मिस, तारीख घालू नका. ती आम्ही घालू."

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी हे इतक्या सौजन्याने सांगितलं की मी "थँक यू" म्हणाले. बावीस वर्षांची होते. बी.ए. इंग्रजी घेऊन झाले होते, टायपिंगची परीक्षा पास होते. पिंपरी स्टेशनवर उतरून, ज्वारीच्या शेताच्या बांधावरून चालत, नवी चप्पल चिखलात बुडवत मुलाखतीला आले होते. साहेबांनी माझा वेग तपासायला एक मजकूर तोंडी सांगितला. मी टाइप केला. तो मजकूर इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा:

"माझ्या विवाहामुळे मी कंपनीच्या सेवेचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. माझी कोणतीही तक्रार नाही. कंपनीने दिलेल्या आपुलकीच्या वागणुकीबद्दल मी ऋणी आहे."

साहेबांनी कागद उजेडात धरला.

"एकही चूक नाही. शाबास. आता खाली सही करा."

मला वाटलं, परीक्षेच्या पेपरावर करतात तशी सही. मग ते तारखेबद्दल म्हणाले, आणि मला कळलं. नोकरी लागायच्या आधी मी माझा राजीनामा स्वतःच्या हाताने टाइप केला होता. वर शाबासकीही घेतली होती. ज्या दिवशी माझं लग्न होईल, त्या दिवशी साहेब मोकळ्या जागेत तारीख घालणार. एवढंच.

कळूनही मी सही केली. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही मला फार शूर समजणार नाही.

मुलांनो, कारखाना इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या बनवायचा. आता तिथे काय आहे मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छा नाही. तेव्हा भोवती शेतं होती. मोशी, भोसरी, चिखली अशा गावांतून सत्तावीस बाया-मुली कामाला यायच्या. त्यांनी काळ्या फळीपुढे दिव्याशी कुपी धरायची आणि तडा, बुडबुडा, कण शोधायचा. पुरुषांना हे काम जमत नसे. पंधरा मिनिटांत त्यांचे डोळे दुखायचे. साहेब पाहुण्यांना सांगत, "स्त्रीची नजर ही निसर्गाची देणगी आहे." पगार मात्र निसर्गाने ठरवलेला नव्हता. तो साहेबांनी ठरवला होता, पुरुषांपेक्षा कमी.

त्या सत्तावीस जणींचे राजीनामेही मीच टाइप केले. नवी बाई आली की साहेब आतून म्हणत, "मिस, तो आपला नेहमीचा कागद." मी कागद काढायची. शाईची गादी पुढे सरकवायची. बाई अंगठा उठवायची. मी तारखेची जागा मोकळी ठेवून कागद फाईलला लावायची. आडनावाच्या क्रमाने. फाईलच्या पाठीवर माझ्या वळणदार अक्षरात नाव होतं. मला व्यवस्थितपणाचा अभिमान होता. फाशीचा दोर गुंडाळून ठेवणाऱ्यालाही असेल.

हौसा मोशीची. अठरा-एकोणीस वर्षांची, सडपातळ, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी तिने अंगठा लावायच्या आधी विचारलं होतं. बाकी कुणीच विचारलं नव्हतं.

"टायपाच्या बाई, ह्यात काय लिव्हलंय?"

"नोकरीचा कागद आहे. लावा अंगठा."

मी म्हणाले हे. मी. बी.ए.

हौसाची नजर अशी की इतर जणींनी पास केलेल्या ट्रेमधून ती तडे काढून दाखवायची. वर म्हणायची, "ही बघा, फुटकी. तुमच्या सायबावानी. वरून चकचकीत." सगळ्या हसायच्या. मी न ऐकल्यासारखं करायची, कारण माझं टेबल ऑफिसच्या बाजूला होतं.

सत्तावीस जणींत पाच-सहा लग्न झालेल्या होत्या. नियम होता की कामावर कुमारिका किंवा विधवाच हव्यात. म्हणून या बायका फाटकाबाहेर बाभळीआड थांबत. मंगळसूत्र काढून भाकरीच्या फडक्यात बांधत, कुंकू पदराने पुसत. मग आत येत. संध्याकाळी त्याच बाभळीआड पुन्हा सवाष्ण होत. हे मला खिडकीतून रोज दिसायचं. मी डोळे टाइपरायटरवर ठेवायची. त्यांच्या राजीनाम्यावर तारीख पडली नव्हती, कारण मी बोलले नव्हते. हा मी माझा उपकार समजत होते. किती स्वस्तातला उपकार.

छप्पन साल. मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा झाला. वर्तमानपत्रं त्याने भरून गेली. साहेबांना पुरोगामी दिसायची भारी हौस. त्यांनी ठरवलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये समारंभ करायचा. स्त्रीच्या प्रगतीचा गौरव. पुण्याहून एका महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई येणार. आणि वादविवाद होणार: "स्त्रियांनी कारखान्यात पुरुषांच्या बरोबरीने काम करावे काय?"

साहेबांनी मला बोलावलं.

"बाजूने मी बोलेन. तुम्ही विरुद्ध बोला."

"मी? विरुद्ध?"

"बाईच बाईच्या विरुद्ध बोलली की जास्त पटतं लोकांना. हलकंफुलकं बोला. घर, मुलंबाळं, स्वयंपाक, असं. शेवटी तुम्ही हरायचंच आहे." ते हसले. "आणि माझं भाषणही जरा नीट टाइप करून द्या."

मी दिलं. त्यात एक वाक्य होतं: "आज कायद्याने बाप मुलीला वाटा देऊ लागला, मी मात्र या सत्तावीस मुलींना तो केव्हाच दिला आहे." बाप म्हणे. जन्म देताना मरणाचा दाखला लिहून घेणारा बाप.

त्याच सुमारास हौसाने दोन दिवसांची रजा घेतली. आत्याच्या मुलीचं लग्न, असं तिने सांगितलं. परत आली ती समारंभाच्या दिवशी सकाळी. मंगळसूत्र भाकरीच्या फडक्यात. हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवलेल्या. सगळं बरोबर केलं होतं तिने. पण अंगाची हळद कशी उतरवणार? काचेचं काम म्हणून रोज फाटकात हात तपासायचे. त्या दिवशी पाहुण्या येणार म्हणून साहेब स्वतः उभे होते. हौसाने हात पुढे केले. तळवे पिवळेधमक. नखांच्या कडाही पिवळ्या.

"लग्न आत्याच्या मुलीचं, आणि हळद तुझ्या हाताला?"

"हळद कांडाय मीच व्हते, सायेब."

"दंडालाही कांडली?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पुरुषांच्या रांगेतून. हौसाने बाही खाली ओढली. हात तसेच पुढे. त्या वयात लग्न झालेली मुलगी हळदीचे हात मिरवते. ही चोरीचा माल सापडल्यासारखी उभी होती.

साहेब तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मिस, तिच्या कागदावर आजची तारीख टाका. पाहुण्या गेल्या की संध्याकाळी देऊ. आत्ता रडारड नको." मग दोन पावलं पुढे जाऊन वळले. "आणि तुमचंही ठरलंय म्हणे? अभिनंदन. आम्हाला महिनाभर आधी सांगा, म्हणजे नवी मुलगी बघता येईल."

माझं ठरलं होतं, खरंच. तुमच्या आजोबांशी. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फाईल उघडली. वरच माझा कागद होता, आडनाव 'अ'वरून म्हणून. माझी सही, दोन वर्षांपूर्वीची, ऐटदार. बरेच कागद सोडून खाली हौसाचा, तिच्या अंगठ्याचा. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की दोन्ही कागद एकाच यंत्रावर, त्याच बोटांनी लिहिलेले आहेत आणि त्यांत एका शब्दाचाही फरक नाही. माझं इंग्रजी, माझी पदवी, ऑफिसच्या बाजूचं माझं टेबल, सगळं त्या फाईलमध्ये सपाट होऊन पडलं होतं. हौसाला निदान कागद वाचता येत नव्हता. मला येत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. हजेरीपट काढला. त्यात प्रत्येकीची कामावर हजर झाल्याची तारीख होती. एकेक राजीनामा यंत्रात घातला आणि मोकळ्या जागेत तारीख टाइप केली. खरी तारीख. ज्या दिवशी अंगठा घेतला, तो दिवस. म्हणजे प्रत्येक बाई ज्या सकाळी कामाला लागली त्याच सकाळी, लग्नामुळे, ऋणी राहून, राजीनामा देऊन मोकळी. आणि त्यानंतर कंपनी त्यांना दोन-दोन वर्षं कामाला बोलावत होती. सत्तावीस कागद झाले. अठ्ठाविसावा माझा. एकही खाडाखोड नाही. साहेबांच्या हाती आता फक्त हसं उरलं होतं.

चार वाजता समारंभ. बायका खाली सतरंजीवर, पुरुष कामगार बाकांवर. समानतेचा कार्यक्रम. अध्यक्षीणबाई मोटारीतून आल्या. हौसानेच त्यांना ओवाळलं, कारण साहेबांना मुलगी 'आपल्या मातीतली' हवी होती. पिवळ्या हातांत तबक. बाई म्हणाल्या, "किती गोड!"

साहेब वीस मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. मग मी उठले.

"मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे स्वतःचा एकही मुद्दा नाही. कंपनीकडे आहे, आणि तो लेखी आहे. इंग्रजीत आहे, म्हणून मराठीत सांगते."

आणि हौसाचा कागद वाचला. नाव, गाव. विवाहामुळे. स्वेच्छेने. तक्रार नाही. ऋणी आहे. खाली अंगठा. तारीख, कामावर आली तो दिवस.

सतरंजीवरून हौसाचा आवाज आला.

"म्या कवा म्हनले असं?"

"तू नाही म्हणालीस. मी टाइप केलं आणि तुला खोटं सांगितलं. इथे बसलेल्या प्रत्येकीचा असा कागद आहे. माझाही."

बाकांवरचे पुरुष, ज्यांच्या रांगेतून सकाळी फिसकन हसू आलं होतं, आता दाराकडे बघत होते. सतरंजीवरच्या एका म्हातारीने, जी विधवा होती, शेजारणीला विचारलं, "अगं, माझं बी लगीन लागलं म्हनून लिव्हलंय का? कुनाशी?" तेव्हा हशा फुटला. साहेबांच्या तोंडावर फुटला. तो मला आजही ऐकू येतो.

अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "अगं, शिकलेली दिसतेस. घरातली भांडणं पाहुण्यांपुढे काढतात का?" मग कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं म्हणून त्यांनी बक्षिसं वाटली. पहिलं साहेबांना, फाउंटन पेन. दुसरं मला, कुंकवाचा करंडा. मी तो हौसापुढे धरला.

"घे. आता लपवायला नको."

"मला न्हाई त्यांचं कुकू," ती म्हणाली. "आमच्या घरी हाय." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "इचारलं व्हतं मी तुमाला. त्याच दिशी इचारलं व्हतं."

साहेबांनी केलेला अपमान मी केव्हाच विसरले. हौसाचं हे बोलणं विसरले नाही.

समारंभानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून फाईल उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली.

"फाईल खराब केलीत तुम्ही."

"एकही चूक नाही, साहेब."

"पुण्यात कुठेही नोकरी मिळणार नाही तुम्हाला, मी बघेन."

"बघा. आधी मला काढल्याचं पत्र द्या."

आणि हा माणूस, मुलांनो, सवयीने म्हणाला, "घ्या, टाइप करा."

"तुम्ही करा," मी म्हणाले. "मशीन तिथे आहे."

त्याने एका बोटाने टाइप केलं. अर्धा तास लागला. मी उभी राहून बघत होते. पत्र अजून माझ्याजवळ आहे. 'शिस्तभंग' या अर्थाच्या इंग्रजी शब्दात दोन चुका आहेत. पण खाली त्याची स्वतःची सही आहे, आणि तारीख आहे. मला काढल्याची जबाबदारी त्याला माझ्या सहीमागे लपवता आली नाही.

तुमच्या आजोबांच्या घरी ही बातमी ऐकून साखर वाटली. आपोआप सुटली नोकरी, बरं झालं, म्हणाले. साखर मी खाल्ली नाही आणि लग्न तीन महिने पुढे ढकललं, दुसरी नोकरी मिळेपर्यंत. तिथे पहिल्याच दिवशी विचारलं, "कोणता कागद कोरा ठेवता?" हौसाला त्यांनी काढलं नाही. काढायला कागदच उरला नव्हता, आणि लग्न हे कारण स्वतःच्या सहीने लिहायची साहेबांची तयारी नव्हती. तिला फुटक्या काचा धुवायच्या शेडमध्ये टाकलं. तिथे ती कित्येक वर्षं होती, मंगळसूत्र पोलक्याच्या वर काढून. मी तिला भेटायला दोनदा गेले. दुसऱ्यांदा बोलली.

आता तुमच्या पत्राविषयी. थोरलीने लिहिलंय की तिच्या ऑफिसात समानतेवर मोठी चर्चा ठेवली आहे, आणि तिच्या साहेबांना माझा एक फोटो हवा आहे, शक्यतो नऊवारीत आणि हसरा. सोबत दोन ओळी, 'आपण किती पुढे आलो' अशा. त्याच पत्रात, खाली, तिने सहज लिहिलंय की नोकरीला लागताना तिने तेवीस पानांवर सह्या केल्या, आणि वाचलं काहीच नाही, कारण सगळेच करतात.

फोटो पाठवणार नाही. हसणारही नाही. हेच पाठवते आहे. थोरले, तुझ्या साहेबांना सांग, वाचायचं तर पूर्ण, सगळ्यांसमोर, एक शब्द न गाळता. नाहीतर परत पाठवा. आणि ती तेवीस पानं तू आज काढ, वाच. कुठे जागा कोरी असेल तर ती कुणासाठी ठेवली आहे, हे विचार, मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही वाचून दाखव. ती विचारेल तेव्हा 'नोकरीचा कागद आहे' म्हणून गप्प बसवू नकोस. मी बसवलं होतं.

खाली सही करते. तारीख आधी घातली आहे.