वरचं पाणी, खालचा गाळ

बी.एस्सी. होऊन मी बुऱ्हाणपूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा नवं राज्य नुकतंच जुळत होतं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो होतो. वर्गात धडा हिंदीत, घरी बोलणं मराठीत, अशी तारांबळ चालायची. पण माझा तोरा विचारू नका. घराण्यातली पहिली बी.एस्सी. होते ना!

निंबोल्याच्या मामांना त्याचं फार कौतुक. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो आणि तिचा शब्द खाली पडू देत नाही. त्या उन्हाळ्यात त्यांना तापीच्या घाटाखालचा काळाभोर गाळ केळीच्या खड्ड्यांत घालायचा होता. पण तिथेच तारकशीच्या, म्हणजे तार ओढण्याच्या, कारखान्यांचा नाला नदीला मिळतो. कारखान्यांत जरीची तांब्याची तार तेजाबानं, म्हणजे आम्लानं, धुवायचे; ते तांबं गाळात असलं तर मुळं जाळतं. म्हणून मामांनी आधी मूठभर गाळ रुमालात बांधून माझ्याकडे आणला.

"माय, तू सांगशील तसं."

मी गाळ पाण्यात ढवळला, निवळू दिला आणि वरचं पाणी तपासलं. तांबं असतं तर अमोनिया घातल्यावर ते निळं झालं असतं. झालं नाही. "खुशाल न्या," मी म्हटलं. वाहत्या पाण्याला दोष नसतो, हेही वर ऐकवलं.

मृगात लावलेली केळी श्रावणात पिवळी पडली. मामा एक रोप उपटून घेऊन आले. मुळं आखूड, तपकिरी, जळल्यासारखी. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि आईकडे पाणी मागितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर नाल्याचं पाणी बाटलीत भरत होते. जवळ एक म्हातारी झारेकरीण बसली होती. नाल्याचा गाळ धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण वेचणं हा तिचा पिढीजात धंदा. माझी बाटली पाहून ती हसली.

"पानीत काय पाहून राहिली, बाई? पानी तं चाललं जाते. भारी माल गाळाले धरून बसते. जिथं पानी थकते, तिथं खोद."

घाटाच्या आडोशाला पाणी थबकत होतं. तिथला गाळ मी शाळेत नेला, तेजाबात उकळला, गाळून घेतला, अमोनिया घातला. नळी निळीशार झाली. मला रडूच आलं. कॉलेजात इतकी वर्षं काढून मी तळ सोडून वरचंच तपासलं होतं.

तशीच निंबोल्याला गेले. "चूक माझी आहे, मामा."

"मंग आता काय करू, ते सांग."

खड्ड्यांतला गाळ खरवडून बांधापलीकडे पुरला. चुना घातला, म्हणजे उरलंसुरलं तांबं मातीतच जखडून राहतं, मुळांना कमी लागतं. वर शेणखत. आश्विनात नवे कंद लावले. दर रविवारी मी पानं बघायला जायचे आणि घरी येऊन जेवणाआधी आईला त्यांचा रंग सांगायचे. दिवाळीनंतर तिसरं पान हिरवंगार निघालं.

पुढच्या उन्हाळ्यात मामा आले आणि नेहमीसारखे माझ्या पाया पडायला वाकले. मी पाय मागे घेतले. "नका, मामा. माझ्या शब्दानं तुमची बाग गेली."

"अन् तुझ्याच शब्दानं परत लागली. पाय पुढं कर."

पाया पडून झाल्यावर त्यांनी खिशातून ओला रुमाल काढून माझ्या हातात दिला. नाला मिळतो त्याच्या बराच वरच्या अंगाचा, नदीचा गाळ होता.

"या टायमाले तळ पाहाय, माय."