पलंगाखालचं गोवऱ्याचं पोतं

बायकोनं आन् मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. ती म्हणे, "दाणे टोपल्यात टाका, तोंडात नाही." दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. याच्यावर जास्त मले लिहिता येत नाही.

वर्ष होत आलं तवा पुण्याहून लेक-जावई आले. भाड्याची घरगाडी घेऊन. गाडीतच पलंग, गॅस, मोरी, सगळं. लेक म्हणाली, "बाबा, उद्या चिखलदरा, सेमाडोह फिरू. मंग आमच्यासंग पुण्याले चला. इथं तुमच्या पोटाचं कोण पाहीन? चहाशिवाय काही येते का तुमाले?"

मले गाव सोडायचं नव्हतं. म्हणलं, "उद्या रोडगे मी करतो. जमले तर इथंच राहीन."

"आन् नाही जमले तर?"

"तर गुमान पुण्याले येतो."

आमच्या वऱ्हाडात बाहेर फिराले गेलं का रोडगे आलेच, आन् कणकेचा तो जाड गोळा गोवऱ्याच्या विस्तवातच भाजा लागते. गॅसचं ते कामच नाही. मी पहाटेच एक पोतं गोवऱ्या भरून गाडीतल्या पलंगाखाली सरकवलं.

चिखलदऱ्याले दरीच्या काठावर उभे राहिलो. खाली नुसतं धुकं. इतक्या जवळ जन्म काढला. बायको दर साली म्हणे, जाऊ. मी म्हणो, म्हशीचं दूध कोण काढीन? म्हैस मेली तरी गेलो नाही. लेकीले म्हणलं, "तुया बाप येडा, बयताड आहे."

"मायले माहीत होतं ते," ती म्हणाली. दोघंही हसलो.

सेमाडोहच्या वाटेवर, जंगलाच्या नाक्यावर गार्डानं गाडी तपासली. पोतं सापडलं. "आजोबा, वाघाले जेवाले बोलावलं का? जंगलात विस्तव चालत नाही. इथं ठेवा, येताना न्या."

जावई म्हणाले, "मामाजी, सकाळपासून वास येत होता. मी दोनदा मोरी धुतली!"

सेमाडोहच्या नदीत पाय सोडून तिघंही बसलो. परत येताना पोतं घेतलं. घाट उतरल्यावर एका चहावालीनं आपलं अंगण दिलं.

विस्तव झकास झाला. तो घरीही माझ्याकडेच असे. कणीक बायकोकडे. पाणी जास्त झालं, पीठ टाकलं. घट्ट झाली, पाणी टाकलं. माणसं तीन आन् कणीक पंगतीची. लेकीचा हात पुढे आला. म्हणलं, "मांगं सरक."

रोडगे बाहेरून कोळसा, आतून कच्चे. जावयानं एक दगडावर आपटला. फुटला नाही. लेक पोट धरून हसली. काठाकाठाचं भाजलेलं तेवढं तुपात बुडवून खाल्लं.

"हरलो," मी म्हणलं. "कपडे बांधतो."

लेक घास चावून राहिली होती. बराच वेळ चावला. मंग म्हणाली, "मीठ बराबर पडलं. संक्रांतीपर्यंत शिका. तवा येऊन पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी गेली. मी परात घेऊन शेजारच्या सूनबाईच्या दारात उभा राहिलो. म्हणलं, "कणीक भिजवाची शिकव. पाणी किती टाकाचं ते आधी सांग."

ती म्हणाली, "काकाजी, आधी हात धुवा."